रविवारची पेनल्टी

आमचे डॉक्टर पेशंटला ‘बसा’ म्हणत नसत, स्टूल पाठवत. खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या पायाच्या आतल्या अंगाने स्टुलाला हलकासा धक्का द्यायचे आणि ते लाकडी स्टूल फरशीवरून घसरत येऊन पेशंटच्या पायांपाशी अचूक थांबायचं. नवीन माणूस दचकायचा. जुना माणूस दुखणं सांगत सांगतच बसून जायचा. दवाखान्याचं दारही ते पायानेच लावत. सुईला घाबरून रडणाऱ्या मुलाच्या हातात आधी फुटबॉल देत. चेंडू दोन्ही हातांनी धरलेला असला की मुलाला सुई ढकलता येत नाही, हा त्यातला डाव. मला तो कळेपर्यंत माझ्या सगळ्या सुया टोचून झाल्या होत्या.

नागपूरला डॉक्टरी शिकत असताना ते कॉलेजच्या फुटबॉल टीमचे स्टार होते. खुर्चीमागे त्या टीमचा फोटो होता. पुढच्या ओळीत चेंडूवर पाय ठेवून बसलेला, केसांचा मोठा फुगा असलेला सडपातळ मुलगा म्हणजे हेच, असं ते सांगत. त्यांचं टक्कल आणि पोट समोर असताना ते खरं मानायला जरा वेळ लागायचा. घरचे लोक भंडाऱ्याचे, हातमागवाले. चिखल्याला ते ‘दोन वर्षं प्रॅक्टिस करून पाहू’ म्हणून आले आणि मॅंगनीज खाणीच्या कॉलनीसमोर दवाखाना टाकून राहिले ते राहिलेच. इतका मोठा खेळाडू पुढे का खेळला नाही, याच्या कॉलनीत घरागणिक वेगळ्या गोष्टी होत्या. कोणी म्हणे आईने शपथ घातली. कोणी म्हणे कलकत्त्याचं बोलावणं आलं होतं, पण मोठ्या भावाने लपवलं. खुद्द डॉक्टरांना विचारलं तर म्हणत, “सिलेक्शनच्या दिवशी मले जुलाब लागले होते. मैदानापेक्षा संडासाकडेच जास्त धावलो.”

मी त्या कॉलनीत वाढले. बाबा खाणीच्या शाफ्टवरचं इंजिन चालवायचे. माणसांना खाली नेणारा आणि वर आणणारा पाळणा त्यांच्या हातात असायचा. मी बसने तुमसरच्या इंग्रजी शाळेत जायचे आणि घरी आल्यावर फार बोलायचे नाही. माझी मराठी पुस्तकातली होती, कॉलनीची मराठी वेगळी होती आणि दोन्हीकडे लोक हसायचे. पण कमी बोलणारं माणूस कोपऱ्यात आहे हे लोक विसरतात आणि त्याच्यासमोर सगळं बोलतात. त्यामुळे यातलं बहुतेक सगळं मी तिथे बसून ऐकलेलं आहे.

कॉलनीत पुरुषांच्या गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहाताखाली घोटायचा, आणि चिमूट चिमूट गालात दाबायचा. डॉक्टरांनी आधी समजावून पाहिलं. मग ओरडून पाहिलं. मग दवाखान्यात सडलेल्या जबड्यांचे रंगीत फोटो लावले. लोक बाकावर बसून खर्रा खात खात ते फोटो पाहायचे आणि “हा त आपल्या नाक्यावरच्या भाऊसारखा दिसते” म्हणायचे.

शेवटी डॉक्टरांनी रविवारची पेनल्टी काढली. रविवारी खाणीला सुट्टी आणि संध्याकाळी दवाखाना बंद. खर्रा न सोडणाऱ्या पेशंटला ते शनिवारीच सांगून ठेवत, “उद्या मैदानावर ये. तू गोलात उभा राय. मी एकच पेनल्टी मारतो. तू अडवली, त मी जन्मात तुले खर्ऱ्याचं नाव काढनार नाई. तुह्या बायकोलेही गप्प करतो. गोल झाला, त खर्रा बंद.”

माणूस डॉक्टरांच्या पोटाकडे पाही, गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाही आणि हो म्हणे. मग संध्याकाळी सगळ्या कॉलनीसमोर चेंडू त्याच्या बाजूने जाळीत जाई. एवढ्या लोकांपुढे दिलेला शब्द मोडायची सोय राहत नसे. मोडलाच कोणी, तर पानठेल्यावर उभी असलेली पोरंच ओरडत, “काका, तुमाले त गोल पडला ना?” होता होता ‘गोल पडणं’ हा आमच्याकडचा शब्दच झाला. नळावर बायका एकमेकींना विचारत, “तुमच्याकडच्याले पडला का गोल?” आणि ज्यांच्याकडे पडला होता त्या बादली जरा ऐटीत उचलत.

आमच्याकडे पडला नव्हता. डॉक्टर बाबांना मैदानावर बोलवतच नव्हते, आणि त्याला कारण होतं.

भंडारा आणि गोंदिया एकच जिल्हा होता तेव्हा बाबा खाणीच्या टीमचे गोलकीपर होते. डॉक्टर कॉलेजच्या सुट्टीत घरी आले की भंडाऱ्याच्या टीमकडून खेळत. अशाच एका सामन्यात डॉक्टरांनी पेनल्टी मारली आणि ती गोलात गेली नाही. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ती त्यांनी बोटांच्या टोकांनी बाहेर काढली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे चेंडू खांबाला लागला आणि बाबा नंतर पडले.

“रेफरीले विचारा,” बाबा म्हणत. “आमगावचे होते. अजून हायेत.”

“आमगाव आता गोंदिया जिल्ह्यात गेलं,” डॉक्टर म्हणत. “परजिल्ह्याची साक्ष इथे चालत नाई.”

“लाइनमनही होता ना. तिरोड्याचा.”

“तिरोडाही गेलं. जिल्हा फुटला तेव्हा तुमचे सगळे साक्षीदार तिकडे गेले. मी काय करू?”

जिल्हा फुटून दहाएक वर्षं झाली होती तरी हे भांडण चालूच होतं. बाबा पानठेल्यावर सांगत, “डॉक्टर सगळ्यायले बोलावते, मले नाई बोलावत. काहून? त्याले माहीत हाय.” हे सांगताना गालात खर्रा असल्यामुळे त्यातलं अर्धंच ऐकणाऱ्याला कळायचं.

आईने सगळे उपाय करून पाहिले होते. “खाणीत छताले कंपनी टेकू लावते,” ती म्हणायची, “तुमच्या तोंडाले कोन लावंन?” पौर्णिमेला विहारात वंदना झाली की ती हटकून पाचव्या शीलाचा, म्हणजे नशा न करण्याच्या व्रताचा विषय काढायची. बाबांनी त्याचा नीट अभ्यास केलेला होता.

“सुरा, मेरय, मज्ज,” ते बोटांवर मोजत सांगत. “तिन्ही प्यायच्या वस्तू हायेत. खर्रा काय पेते का कोनी?”

“आन पुढचा पमाद, बेसावधपना? तो कुठे ठेवला?”

“तो शेवटी येते.”

तसे ते श्रद्धावान होते. विहारात शिरायच्या आधी खर्रा कागदात गुंडाळून कुंपणाच्या भिंतीवर ठेवत. सगळेच ठेवत. वंदना चालू असताना भिंतीवर पुड्यांची रांग लागलेली असे, आणि नंतर आपली कोणती यावरून शांतपणे वाद होत.

मग एकदा बाबांनी आलूबोंडा चमच्याने तोडून खाल्ला. पूर्वी ते अख्खा आलूबोंडा तोंडात टाकून वर बोलायचे. आईने चमच्याकडे पाहिलं आणि पायात चपला घातल्या. आईच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या आहेत, चला, असं सांगून ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले, कारण गोळ्यांची नावं मीच वाचायचे.

स्टूल आलं. बाबा बसले. डॉक्टरांनी बॅटरी हातात घेतली.

“आ कर.”

बाबांनी केला.

“अजून.”

“एवढाच होते.”

“तीन बोटं उभी घाल तोंडात. तुहीच घाल.”

बाबांची दोन बोटं गेली. तिसरं बोट ओठाशी थांबलं. बाबांनी ते आत सारायचा प्रयत्न केला, मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाले, “माहे बोटं जाडे हायेत. गोलकीपरचे हायेत.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बॅटरी गालाच्या आत धरली आणि बराच वेळ पाहिलं. मग बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि आमच्याशी बोलले. गालात पांढरा चट्टा आहे, म्हणाले. आज खर्रा सुटला तर तो तिथेच थांबेल, कदाचित जाईलही. नाही सुटला तर नागपूरला न्यावं लागेल, आणि नागपूरहून माणूस अर्धा जबडा घेऊन परत येतो. मी त्यांना एवढ्या सरळ मराठीत बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

“मग गोल पाडा ना त्यायले,” आई म्हणाली.

“तेच त भेव हाय वहिनी,” डॉक्टर म्हणाले. “तो गोलकीपर हाय. खरंच अडवली त?”

अडवली तर बाबांना जन्मभर खर्रा खायचा हक्क मिळणार होता, सगळ्या कॉलनीच्या साक्षीने. आणि डॉक्टरांचा शब्द डॉक्टरही मोडू शकत नव्हते. पण दुसरं काही बाबा ऐकणारही नव्हते. डॉक्टर बाहेर गेले आणि बाकावरच्या लोकांसमोर म्हणाले, “गोलकीपर, येनार का रविवारी? का खांबाच्या भरवशावर राहनार?”

बाबा उठून उभे राहिले. इतके खूश मी त्यांना माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून क्वार्टरच्या मागे बाबांची प्रॅक्टिस सुरू झाली. दोन विटा म्हणजे गोल आणि चेंडू मारायला मी. मला फुटबॉल येत नव्हता. बाबांना त्याची फिकीर नव्हती. “तू मार, बेटा. डॉक्टर बी आता तुह्यासारखाच मारत असंल.”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबांनी उजवीकडे झेप घेतली आणि गालातला सगळा रस गिळला. त्यांना असा ठसका लागला की शेजारच्या काकू पाणी घेऊन धावत आल्या. तेव्हापासून ते प्रॅक्टिसला उतरताना चूळ भरून येऊ लागले. आणि चूळ भरल्यावर चहा होईपर्यंत, चहानंतर माझ्या चुका सांगून होईपर्यंत, तोंड रिकामंच राहायचं.

मी हे पाहिलं आणि गप्प राहिले. पण शुक्रवारी आईच्या गोळ्या आणायला गेले तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, “काय मॅडम, तुमचा गोलकीपर काय करून राहिला?” मी इंग्रजी शाळेत जाते म्हणून ते मला मॅडम म्हणत. माझ्या वर्गातल्या बाईंनाही कोणी इतक्या आदराने मॅडम म्हणत नसावं.

“प्रॅक्टिस करतात,” मी म्हटलं.

“खर्रा खात खात?”

“नाही. तेव्हा चूळ भरतात.”

डॉक्टरांचा हात लिहिता लिहिता थांबला. “किती वेळ?”

मी सांगितलं. त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं, मग गुडघ्याला हात लावला आणि बाकावर ऐकू जाईल असे कण्हले. “या रविवारी नाई जमत. गुडघा सुजला.”

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना सानगडीला तपासणी शिबिराला जायचं होतं. नंतरच्या रविवारी नागपूरचा कोणी मित्र आला. मग पुन्हा गुडघा. बाबांना वाटलं डॉक्टर घाबरले. त्यांचा जोर वाढला. ते सकाळी पाळीवर जायच्या आधीही प्रॅक्टिस करू लागले, म्हणजे सकाळीही चूळ भरू लागले. आई विटांचा गोल झाडून ठेवायची. लग्नात मांडव झाडावा तसा मनापासून.

दरम्यान मला दोन्हीकडून कामं मिळाली. बाबा विचारत, “पाहून ये बरं, कोनत्या पायाने लंगडते डॉक्टर?” डॉक्टर विचारत, “कोन्या बाजूले झेप घेते तो?” मी दोघांनाही अर्धं सांगायचे. खोटं सांगायला धीर नव्हता आणि पूर्ण सांगायला मन होत नव्हतं. एकदा डॉक्टरांनी दवाखाना रिकामा पाहून मला चेंडू मारून दाखवायला सांगितलं. मी मारला तो पंख्याला लागला.

“मागे झुकतेस म्हनून,” ते म्हणाले. “अंग मागे गेलं की बॉल आभाळात जाते. चेंडूवर वाक. पेपर लिहिताना वाकतेस तशी.” मग त्यांनी स्वतः, गुडघ्याला पट्टा, हातात स्टेथोस्कोप, एक पाऊल टाकून चेंडू मारला. तो जमिनीपासून वीतभर उंचीवरून गेला आणि औषधांच्या कपाटाखालच्या फटीत शिरला. फट चेंडूएवढीच होती. डॉक्टर म्हणाले, “बाबाले सांगू नको.”

हे मी खरंच सांगितलं नाही.

बरेच रविवार टळल्यावर एका पाळीहून बाबा सरळ दवाखान्यात गेले आणि भरल्या बाकांसमोर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमाले जुलाब लागून राहिले का?”

आता टाळणं शक्य नव्हतं.

त्या रविवारी मैदानावर सगळी कॉलनी होती. मैदानाच्या एका बाजूला मॅंगनीजच्या काळ्या मातीचा ढिगारा आहे, त्यावर पोरं चढून बसली होती. पानठेलेवाला ठेला बंद करून आला होता. त्याची अर्धी गिऱ्हाइकं डॉक्टरांनी गोल पाडून पळवली होती, आणि हे गिऱ्हाईक सगळ्यात मोठं होतं. तो बाबांच्या मागे उभा राहून सांगत होता, “भाऊ, डावीकडे लक्ष ठेवा. डाव्या पायाचा मानूस हाय.” आई माझ्या शेजारी पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला वाटत होतं ते मला माहीत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. आपल्या माणसाने हरावं असं दोघी उघडपणे म्हणू शकत नव्हतो.

बाबांनी प्रॅक्टिसच्या सवयीप्रमाणे सगळ्यांसमोर चूळ भरली आणि गोलात उभे राहिले. ते हात पसरून किंचित वाकले आणि मला एकदम कळलं की ते चांगले गोलकीपर होते. विटांमधल्या गोलात हे दिसलं नव्हतं. खऱ्या गोलात ते जागा भरून टाकत होते.

डॉक्टरांनी चेंडू ठेवला. बाबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, दवाखान्यात बॅटरी धरून पाहत होते तसं. त्यांनाही ते दिसलं असावं. मग ते धावत आले आणि चेंडूला पाय लागायच्या क्षणी त्यांचं अंग मागे गेलं.

चेंडू गोलावरून गेला, लिंबाच्या झाडावरून गेला आणि काळ्या ढिगाऱ्यापलीकडे दिसेनासा झाला. ढिगाऱ्यावरची पोरं मान वळवून तो जाताना पाहत राहिली.

मग सगळे एकदम बोलू लागले.

“गोल नाई झाला.”

“अडवला बी त नाई.”

“नाई झाला म्हनजे गोलकीपर जिंकला.”

“कसा जिंकला? हात त लागला पायजे ना. अट अडवायची होती.”

पानठेलेवाला बाबांच्या बाजूने भांडत होता. विहारातले म्हातारे काका म्हणत होते की चेंडू गोलाच्या वरून गेला, तेव्हा पेनल्टी झालीच नाही असं धरावं. इतकी वर्षं पेनल्टी चालू होती, पण चेंडू बाहेर गेला तर काय, हे कोणी ठरवलंच नव्हतं, कारण डॉक्टरांचा चेंडू कधी बाहेर गेला नव्हता. बाबा हात कमरेवर ठेवून उभे होते. त्यांनी अडवला असता हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आता ते कोणालाच दाखवता येत नव्हतं. पुन्हा तेच झालं होतं.

डॉक्टर लंगडत त्यांच्यापाशी गेले.

“गोलकीपर, एक सांग. तुह्या इंजिनवर खालून घंटी येते, नाई का? ती अर्धवट आली, नीट समजली नाई, त तू पाळन्याचं काय करतो?”

“हलवत नाई,” बाबा म्हणाले. असल्या बाबतीत ते विचार न करता उत्तर देत. “पुन्हा घंटी मागतो.”

“आन ती येईपर्यंत?”

“येईपर्यंत थांबला तिथे थांबला. वर नाई, खाली नाई. मानसं असतेत त्यात.”

“मग झालं त,” डॉक्टर म्हणाले. “हे घंटी अर्धवट आली. पेनल्टी पुन्हा होईल. तोपर्यंत जे जिथे हाय ते तिथे. तुहं तोंड आत्ता रिकामं हाय का भरलेलं?”

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आता सगळे त्यांच्याकडे पाहत होते. खाणीत उतरणारे सगळे होते, आणि अर्धवट घंटीवर पाळणा न हलवणारा माणूस म्हणूनच ते बाबांना मान देत.

“रिकामं,” बाबा म्हणाले.

“मग रिकामं.”

आईने पदर तोंडावरून काढला आणि डोक्यावरून नीट घेतला. पानठेलेवाला म्हणाला, “हे त बेइमानी झाली,” पण त्याच्याही भावाचा जीव त्या पाळण्यात खाली-वर व्हायचा, त्यामुळे तो फार मोठ्याने म्हणाला नाही.

पुन्हा पेनल्टी कधी, हे त्या दिवशी ठरलं नाही. पुढच्या रविवारी गुडघा होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस. मग डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशनच करून घेतलं आणि म्हणाले, सहा महिने लाथ मारायला मनाई आहे. बाबा धुमसत राहिले. पहिले काही आठवडे ते घरात भांड्यांवर, मांजरावर आणि माझ्या इंग्रजी शाळेवर चिडत. डॉक्टर त्यांना कुल्फीच्या काड्या देत, दातांत उभ्या धरून तोंड उघडायचा व्यायाम करायला. बाबा त्या धरून बसत आणि त्यामुळे त्यांना चिडून बोलता येत नसे. चट्टा वाढला नाही. मग पुसट झाला. तोंड मात्र पहिल्यासारखं उघडलं नाही, तेवढं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

मी एकदाच डॉक्टरांना विचारलं. बारावीनंतर नागपूरला शिकायला निघाले तेव्हा निरोप घ्यायला गेले होते.

“तुम्ही मागे झुकलात,” मी म्हटलं.

“कोन म्हनते?”

“मी पाहिलं.”

“मॅडम,” ते म्हणाले, “म्हातारपनी तोल जाते मानसाचा.” आणि एका पायावर उभे राहून त्यांनी दुसऱ्या पायाने दार लावलं.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. मी नागपूरहून आले तेव्हा दवाखान्यापासून कॉलनीपर्यंत लोक उभे होते. तुमसरहून, आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून आले होते. पानठेलेवाला सगळ्यांत आधी रडू लागला. “आता मले शिव्या कोन देईल,” असं काहीसं तो म्हणत होता. बाबा गर्दीत पुढे गेले नाहीत. ते मैदानाच्या कडेला उभे होते, हात मागे बांधून. घरी आल्यावर जेवलेही नीट. फक्त त्या रात्री त्यांनी कुल्फीच्या काड्या शोधल्या, आणि त्या सापडेपर्यंत झोपले नाहीत.

मला मात्र एक काळजी लागली. पेनल्टी मारणाराच उरला नाही, म्हणजे पुढे काय, हे कोणीतरी विचारणारच होतं. समोरचा खेळायला आलाच नाही तर त्याला खेळात एक शब्द आहे; कॉलनीत तो कोणी उच्चारला नाही. कदाचित लाज वाटली असेल, कदाचित सुचला नसेल. मीही तो तोंडातून काढला नाही. आईसमोरसुद्धा नाही.

उन्हाळ्यात बाबांना दाढेसाठी भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ती माझ्याच वयाची होती. तिने गाल तपासला, जुना डाग पाहिला आणि विचारलं, “काका, खर्रा खायचे ना? सोडून किती वर्षं झाली?”

“सोडला नाई,” बाबा म्हणाले. “थांबला हाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. अनोळखी माणसाशी मी इतकं कधी बोलले नव्हते; पण पेनल्टी, लिंबाचं झाड, अर्धवट घंटी, सगळं सांगून झालं. ती हातमोजे घातलेले हात वर धरून ऐकत राहिली.

“आणि ते डॉक्टर?”

“गेले. या हिवाळ्यात.”

“अरे,” ती म्हणाली, आणि मग बाबांना बरं वाटावं म्हणून हसून म्हणाली, “मग काका, समोरची टीम आली नाही तर वॉकओव्हर मिळतो ना? तुम्हीच जिंकलात की.”

मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाबा त्या लांब खुर्चीत आडवे होते.

“वॉकओव्हर घेनारा गोलकीपर मी नाई,” ते म्हणाले. “तुम्ही दाढ पाहा.”

दाढ काढली. गालात कापसाचा बोळा धरून ते माझ्याबरोबर एसटी स्टँडवर आले. तुमसरची गाडी लागली होती, तरी चढायच्या आधी त्यांनी बोळा काढला, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना हे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “वॉकओव्हरचं कॉलनीत सांगू नको.”

“का?”

“लोकं जिंकवून टाकतील मले.”